पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो
दादा, बास्केटबॉलमध्ये शॉट मारत नसताना धक्का लागला तरी दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता बास्केटवर दोन फेक) का दिले, असं तुम्ही विचारलंत. कारण टीम फाउल, म्हणजे संघातल्या सगळ्यांचे मिळून मोजलेले फाउल. फिबाच्या (बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या) नियमात 10 मिनिटांच्या प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाचे 4 फाउल होईपर्यंत अशा धक्क्याला समोरच्या संघाला जवळच्या रेषेबाहेरून थ्रो-इन, म्हणजे चेंडू आत फेकायला मिळतो. पाचव्यापासून थेट दोन फ्री थ्रो. चेंडू ज्यांच्या ताब्यात त्यांनीच फाउल केला, तर मात्र नाहीत. नवीन क्वार्टरला मोजणी शून्यावर येते, पण चौथ्या क्वार्टरची मोजणी जादा वेळेतही पुढे चालूच राहते! सांगलीत आमच्या पोरांना मी हेच परत परत सांगतो. स्वतःचा पाचवा फाउल, म्हणजे बाहेर जाणं, त्यांना पक्कं लक्षात असतं. संघाचा पाचवा कुणीच मोजत नाही, आणि हातातली मॅच जाते.