पॉटरच्या संगीताची वाट संगीतकार बदलल्यामुळंच लागली, पटतंय का?

मंगळवारपेठी
मंडळी, सुट्टीला भाचा आलता, त्याच्या हट्टापायी हॅरी पॉटरचे आठही पिक्चर घरात ओळीनं बघून काढले, साउंडबार लावून, शेजारचे काका दोनदा दार वाजवून गेले तरी. आणि आता माझं मत पक्कं झालंय. असल्या मोठ्या फँटसी सिरीजला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच संगीतकार पाहिजे.

पॉटरला किती झाले बघा. पहिल्या तिन्हीला जॉन विल्यम्स (त्यात पण दुसऱ्याच्या वेळी त्याला सवड नव्हती म्हणून विल्यम रॉसनं त्याच्याच धुना बसवल्या आणि ऑर्केस्ट्रा पण त्यानंच चालवला), चौथ्याला पॅट्रिक डॉयल, पाचव्या-सहाव्याला निकोलस हूपर, शेवटच्या दोन्हीला अलेक्सांद्र देस्प्ला. तिकडं लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तीन आणि हॉबिटचे तीन, सहाच्या सहा हॉवर्ड शोर.

फरक कुठं कळतो सांगतो. रिंग्जमधला नायक फ्रोडो ज्या मुलखातला, त्या शायरची धून पहिल्या भागात व्हिसल आणि फिडलवर मस्त बागडत असते. तिसऱ्या भागात डोंगरावर दोघं मरायला टेकलेत, दोस्त सॅम फ्रोडोला गावाकडच्या स्ट्रॉबेरीची आठवण करून देतो, तिथं तीच धून येते पण पार थकलेली. डायलॉगआधीच डोळ्यात पाणी. आता पॉटर. तिसऱ्या भागात हॅरीच्या आईबापाच्या आठवणीला रेकॉर्डर नावाच्या जुन्या बासरीवर काय धून दिलीय विल्यम्सनं! त्याचा मास्तर ल्युपिन त्याच्याशी आईबद्दल बोलतो तेव्हा ऐका. पुढं ल्युपिन येतो, आईबाप येतात, शेवटी तर दोघं जंगलात पोराच्या शेजारी उभे राहतात, पण ती धून मला कुठं सापडली नाही. एवढा ऐवज हातात असताना असा कोण टाकून देतं राव?

पन्हाळा_पॉइंट
भावा, तू संगीतकार मोजलास, डायरेक्टर कोण मोजायचे? रिंग्ज आणि हॉबिट सगळं पीटर जॅक्सनचं, मग शोर कशाला बदलेल. पॉटरला पहिले दोन कोलंबस, तिसरा क्वारोन, चौथा नेवेल आणि पुढचे चार येट्स. नेवेल आला तो डॉयलला घेऊन आला, येट्स आला तर त्याच्या टीव्हीच्या दिवसातला हूपर आला. प्रत्येकजण आपला माणूस आणणारच की, आपल्याकडं नाटक कंपनीत पण हेच चालतं.

आणि एकच माणूस म्हणजे एकच सूर हे पण खोटं. विल्यम्सचा पहिला आणि तिसरा पाठोपाठ ऐक. तिसऱ्यात मॅकबेथमधल्या चेटकिणींचे शब्द घेऊन पोरांकडून गाऊन घेतलंय, त्या तीन मजली बसला चक्क धिंगाणा जॅझ. माणूस तोच, पण डायरेक्टर बदलला आणि संगीत पार उलटंपालटं झालं.

सुरेलवेडी
मला तर बदल आवडतो. कोल्हापुरात देवल क्लबला मैफलीला जाणारी माणसं आपण, एकच यमन दहा जणांकडून ऐकतो आणि वर भांडतो कोणाचा भारी. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहिले तिथं 'एकाच माणसानं गावं' असा आग्रह कसा काय चालतो?

देस्प्लाचं शेवटच्या भागाच्या सुरुवातीचं ऐका, लिलीची, म्हणजे हॅरीच्या आईची धून. शब्द नाहीत काही नाहीत, एका बाईचा बारीक आवाज आणि मागं तंतुवाद्यं. स्नेप मास्तर वर खिडकीत उभा, खाली काळ्या कपड्यातली पोरं रांगेनं चालतात. विल्यम्सच्या हातनं हे झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत. त्याच्याकडं जादू आहे, पण हे सुतक नाही.

मंगळवारपेठी
ताई, लिलीच्या धुनेला माझा सलाम, वाद नाही. पण तुमचा यमन तुमच्यावरच उलटतोय बघा. दहा जण गातात तेव्हा राग तोच असतो न्हवं? इथं नवा आला की पहिल्यानं राग बदलतोय. हॅरीच्या घुबडाची, हेडविगची ती सेलेस्टावरची धून (पियानोसारखी पेटी, आतल्या हातोड्या स्टीलच्या पट्ट्यांवर पडतात म्हणून तसला काचेरी आवाज) तेवढी सगळ्यांनी ठेवली, ती पण नावापुरती, दारावर तोरण लावल्यासारखी. बाकी सगळं ज्याचं त्यानं नवीन.

फाउंड्रीवाला
मला यातलं शास्त्र कळत नाही. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. त्या रिंग्जमध्ये सारुमान नावाच्या दुष्ट जादूगाराचा कारखाना दाखवतात ना, आयझेनगार्ड, झाडं तोडून भट्टीत टाकतात, तिथलं म्युझिक म्हणजे आमची सेकंड शिफ्ट. ऐरण, पत्रे, लोखंडावर लोखंड. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कुणीतरी शेडमध्ये येऊन रेकॉर्ड केलंय. पण त्याच्यावर पाय धरायला गेलो की ठेका सुटतोच, हे काय प्रकरण आहे?

तबलजी_काका
फाउंड्रीवाले, ठेका सुटतो कारण तो पाच मात्रांचा आहे आणि तुम्ही चारात पाय आपटताय. तोंडानं 'धी ना धी धी ना' म्हणत बसा, म्हणजे झपतालाचा अर्धा तुकडा, बरोबर धरला जाईल. फौज चालायची तर चारात चालते, हे मुद्दाम पाचात ठेवलंय म्हणून ते यंत्र लंगडत अंगावर आल्यासारखं वाटतं. हिशोबी माणूस आहे शोर. रोहनच्या घोडेस्वारांना नॉर्वेचं हार्डेंगर फिडल दिलंय, तारांच्या खाली आणखी तारा, आपल्या सारंगीला तरफा असतात तशा. म्हणून एकटं वाद्य असूनही मागं घुमत राहतं.

वादाबद्दल म्हणाल तर मी मंगळवारपेठीच्या बाजूनं, पण संगीतकार बदलला म्हणून नाही. नवीन माणसानं जुनी वही उघडून बघितली नाही, हा माझा राग. दुसऱ्या भागाला रॉस बाहेरचाच होता की, पण हातात विल्यम्सची वही होती म्हणून जोड कुठं दिसत नाही.

पन्हाळा_पॉइंट
काका, तुमचं बरोबर आहे, पण हा मुद्दा मंगळवारपेठीचा नाहीच, माझा आहे. म्हणजे चार संगीतकार चालतात, वही फिरती ठेवा.

सुरेलवेडी
खरी वाट तर थिएटरवाले लावतात. पिक्चर संपून नावांच्या पाट्या सुरू झाल्या की ऑर्केस्ट्राला मोकळं रान मिळतं, वर डायलॉग नाही, तलवारीचा खणखणाट नाही, सगळ्या धुना ओळीनं. तेवढ्यात दिवे लागतात, झाडूवाला आत, आणि अख्खी पब्लिक पार्किंगला. एकदा बसून राहिले तर डोअरकीपर विचारतो, मॅडम काय हरवलंय का!

मंगळवारपेठी
हा हा ताई, सेम!

पन्हाळ्या, आता तूच सांग. आठव्या भागाचा शेवट, मोठे झालेले सगळे पोरांना स्टेशनावर सोडायला येतात. दोन पिक्चर देस्प्लानं ओढून आणले, आणि ऐन शेवटी वाजवलं काय? पहिल्या भागात शाळा सोडताना वाजलेलं विल्यम्सचं 2001 चं संगीत. त्यांच्या स्वतःच्याच लोकांना कळलं की लोक रडणार असतील तर यावरच रडतील.

पन्हाळा_पॉइंट
मग झालंच की काम! दहा वर्षं मधे दुसरे तिघं येऊन गेले तरी शेवटी ती धून तितकीच लागली. सतत वाजवली असती तर लागली नसती, शिळी झाली असती. हॉबिटमध्ये शायर परत परत ऐकून मला तर तिसऱ्या पिक्चरला कंटाळा आलता, खरं सांगतो.

आणि एवढी वंशपरंपरा पाहिजे असेल तर रिंग्ज ऑफ पॉवर बघ, 2022 ची. टायटलला तुझा शोर, आत सगळ्या एपिसोडला बेअर मॅक्रीरी. घरातला म्हातारा दारात बसवला, कारभार नव्याकडं. वाईट झालंय का सांग.

मंगळवारपेठी
वाईट नाही, मॅक्रीरीनं बौन्यांना, एल्फना वेगवेगळ्या धुना देऊन मेहनत घेतलीय. पण टायटलमधली शोरची धून आणि आतल्या धुना यांचं एकमेकाशी बोलणंच नाही. म्हाताऱ्याला दारात बसवलास, बरं केलंस, पण आत काय शिजतंय ते त्याला कोण सांगंना बघ. आणि हॉबिटचा कंटाळा पिक्चर लांबवल्यामुळं आलाय तुला, एक बारकं पुस्तक तीन भाग ओढलं त्यांनी, त्याचं बिल शोरच्या नावावर फाडू नकोस.

फाउंड्रीवाला
काका, सेकंड शिफ्टला धी ना धी धी ना करून बघितलं, जमलं. सुपरवायझर विचारत होता काय बडबडतोय म्हणून.