मदत हवी आहे: कोविडच्या तापात बीपीची गोळी आणि आयबुप्रोफेन
आईला कालपासून ताप आहे, टेस्ट पॉझिटिव्ह आली. बीपीसाठी ती रोज टेल्मिसार्टन घेते. आज गोळी तळहातावर ठेवून तिने विचारलं, "ही घेऊ ना गं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

मार्च २०२० मध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी कोविडमध्ये आयबुप्रोफेन (ताप-दुखीची गोळी) टाळा म्हटलं होतं. चारच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने 'टाळा अशी आमची शिफारस नाही' असं स्पष्ट केलं. विषाणू पेशींवरच्या एसीई२ या प्रथिनाला चिकटून आत शिरतो आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या काही गोळ्यांनी ते प्रथिन वाढतं की काय, असा संशयही आला, पण हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी त्या मनाने बंद करू नका असंच सांगितलं. एवढं वाचलंय.

माझी भीती वेगळी आहे. ती पाणी फार कमी पितेय, दोनदा उलटीही झाली. अशा वेळी टेल्मिसार्टनसोबत आयबुप्रोफेन गेलं तर किडनीवर ताण येतो ना? म्हणून सध्या सहा तासांनी पॅरासिटामॉल ५०० एवढंच देतेय. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं, ती लगेच बाजूला ठेवली.

डॉक्टरांशी संध्याकाळी बोलणं होईल. उलट्या थांबेपर्यंत बीपीची गोळी थांबवायची असते का? त्यांना आणखी काय विचारू? घरी असं कुणाला सांभाळलं असेल तर कृपया सांगा.