मदत हवी आहे: बाबांच्या जांघेतल्या गाठीत मेलानोमा (त्वचेचा कर्करोग) परत येण्याचा धोका कसा ओळखायचा?

बाबा ६४ वर्षांचे. टाचेवरचा काळा डाग दीड वर्ष कुरूप समजून ब्लेडने तासत होते. शेवटी बायोप्सीत मेलानोमा निघाला. जाडी (ब्रेस्लो) 2.6 मिमी, अल्सरेशन (वरची त्वचा फुटलेली) आहे. जांघेतल्या दोन सेंटिनल गाठींपैकी (कर्करोग पसरताना सगळ्यात आधी पोचतो त्या लसिका गाठी) एकीत कर्करोगाचा 1 मिमीपेक्षा लहान ठिपका सापडला.

डॉक्टर म्हणतात, बाकीच्या गाठी काढायला नकोत, दर चार महिन्यांनी सोनोग्राफी करू. 2017 च्या एमएसएलटी-2 अभ्यासात सगळ्या गाठी काढूनही आयुष्य वाढलं नाही, उलट 24 टक्के लोकांना सूज राहिली (न काढलेल्यांत 6). हे पटतं. पण 3 वर्षांनी त्या भागातल्या गाठी आजारमुक्त असण्याचं प्रमाण काढलेल्यांत 92 टक्के, न काढलेल्यांत 77. तिथेच मन अडकतं.

ते आकडे बहुतेक गोऱ्या रुग्णांचे. तळपायाच्या मेलानोमाला ते कितपत लागू पडतात? ठिपक्याचा आकार, अल्सरेशन, मायटोसिस (पेशींचं विभाजन) यांतलं डॉक्टरांना नेमकं काय विचारू? कुणाच्या घरी असं झालंय का?

बाबा तर रोज आंघोळीला जांघ चाचपतात आणि विचारतात, "हे अवधाण तर नाही ना?"