मदत हवी आहे: मोठ्या संख्या लिहिताना लेकीचे शून्य कुठे हरवतात?

सांजवेळ

नमस्कार. इथे वर्षभर नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी लेक पाचवीत आहे, सेमी इंग्रजीला, राज्य मंडळाचं पुस्तक. चौथीपर्यंत गणिताचा कंटाळा तिला माहीतच नव्हता, पाढे तर उड्या मारत म्हणायची. पाचवीच्या पुस्तकात पहिला धडा रोमन संख्याचिन्हांचा आणि दुसरा संख्याज्ञानाचा. या दोन धड्यांतच आमची गाडी रुतून बसलीय. तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी वही घेऊन बसतो आणि दोघीही रडवेल्या होऊन उठतो.

नेमकं काय होतं ते सांगते. मी म्हणते, "तीन लाख पाच हजार सात." ती लिहिते ३०००००५०००७. संख्या वहीच्या कडेपर्यंत जाते. मी म्हणते, अगं किती शून्य ही! मग ती घाबरून सगळीच शून्यं काढून टाकते आणि लिहिते ३५७. "चाळीस हजार पंच्याहत्तर"चं कधी ४०००७५ होतं, कधी ४०७५. शून्य नसलेली संख्या, म्हणजे समजा दोन लाख चौतीस हजार पाचशे सत्तावीस, ती बिनचूक लिहिते. म्हणजे येत नाही असं तरी कसं म्हणू?

दुसरं, स्थानिक किंमत, म्हणजे अंक ज्या घरात आहे तिथली त्याची किंमत. "४,७२,७३८ मधल्या दोन ७ च्या स्थानिक किमतींतला फरक किती?" तिचं उत्तर शून्य. का, तर सातातून सात गेले! दर्शनी किंमत (नुसता दिसतो तो अंक) आणि स्थानिक किंमत यांची व्याख्या मात्र धडाधडा म्हणून दाखवते.

तिसरं, रोमन. (मोबाईलवर देवनागरीच कळफलक आहे, म्हणून चिन्हं उच्चाराप्रमाणे लिहिते.) विसापर्यंत ठीक चाललंय. पण शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी आणलेल्या पुस्तकात एल (५०), सी (१००), डी (५००), एम (१०००) सगळंच आहे. तिथे ४९ साठी ती 'आय एल' लिहिते. पन्नासातून एक वजा, मग चूक काय, असं विचारते. मला उत्तर देता आलं नाही.

घटक चाचणीत २० पैकी ६ मिळाले आणि वर लाल शाईत शेरा, 'लक्ष नाही'. त्या दिवसापासून ती मला विचारते, "आई, मी ढ आहे का?" हे ऐकवत नाही हो.

करून पाहिलेले उपाय: ए-द-श-ह-दह-ल चा तक्ता भिंतीवर लावला, रोज वीस संख्या लिहून घेतल्या, फोनवर एक सरावाचं अ‍ॅप घेतलं. फरक नाही. सराव वाढवू की पद्धत बदलू? आणि दोन्ही धडे एकदम चालू असल्यामुळे तर गोंधळ होत नसेल ना? रोमन बाजूला ठेवू का?

पाटी_पेन्सिल

रोज वीसच्या जागी पन्नास घ्या. आमच्या मुलाचं असंच होतं, दोन महिन्यांत सुधारला. या वयात हात बसला पाहिजे.

खडू_फळा

सांजवेळ ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं शिकवतोय. पन्नास संख्या अजिबात घेऊ नका. तीच चूक पन्नासदा केली तर तीच पक्की होते. आणि तुमच्या मुलीचं लक्ष नाही, हे मला पटत नाही. उलट तिचं फार लक्ष आहे. ती जे ऐकते तेच लिहिते. तीन लाख ऐकलं, ३००००० लिहिलं. पाच हजार ऐकलं, त्याच्या शेजारी ५००० ठेवलं. सात ऐकलं, ७ ठेवला. एकेक तुकडा अगदी बरोबर आहे. फक्त तुकडे शेजारी मांडायचे नसतात, एकावर एक चढवायचे असतात, हे तिला कुणी हातानं करून दाखवलेलं नाही.

घरच्या जुन्या लग्नपत्रिका काढा. जाड कागदावर सारख्या मापाचे चौकोन आखा आणि पट्ट्या कापा. १ ते ९ च्या पट्ट्या एका चौकोनाच्या, १० ते ९० च्या दोन चौकोनांच्या, १०० ते ९०० च्या तीन, असं करत १००००० ते ९००००० च्या सहा चौकोनांच्या. एका चौकोनात एकच अंक. सहा घरांच्या मिळून ५४ पट्ट्या होतात. शून्याची वेगळी पट्टी करायची नाही, हे लक्षात ठेवा. गंमत त्यातच आहे.

आता तिला ३०००००, ५००० आणि ७ या तीन पट्ट्या घेऊ द्या. सर्वांत लांब खाली, तिच्यावर ५००० ची आणि सर्वांत वर ७ ची. उजवी कड मात्र नीट जुळवायची. वरून काय दिसतं? ३०५००७. पाच हजारानं खालची चार शून्यं झाकली, सातानं एक झाकलं. जिथे वर काहीच आलं नाही, तिथलं शून्य उघडं राहिलं. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की शून्य 'घालायचं' की 'काढायचं' हा प्रश्नच उरत नाही.

स्थानिक किमतीचंही यातच होऊन जातं. ४,७२,७३८ तयार करायला सांगा, मग गठ्ठा सोडवायला सांगा. हातात येतील ४०००००, ७००००, २०००, ७००, ३० आणि ८. दोन्ही सातांच्या पट्ट्या तिच्या दोन हातांत द्या आणि काहीही न बोलता थांबा. एक पाच चौकोनांची, एक तीनची. ७०,००० वजा ७००, म्हणजे ६९,३००, हे तीच सांगेल.

पट्ट्यांवर आठवडाभर गेला की मग वहीत घरं. "लाख" ऐकू आलं की आकडा लिहून स्वल्पविराम द्यायचा आणि पुढे हजाराची दोन घरं, मग स्वल्पविराम, मग तीन घरं, अशा रिकाम्या रेघा आधीच मारायच्या. हजाराच्या दोन घरांत एकटा पाच आला तर तो उजव्या घरात बसतो आणि डावं घर शून्यानं भरतं: ०५. शेवटच्या तीन घरांत सात: ००७. चाळीस हजार पंच्याहत्तरला ४० आणि मग ०७५. ही संख्या तिला वाचायला देताना सांगा की विषुववृत्तावरून पृथ्वीचा घेर साधारण ४०,०७५ किलोमीटर आहे. तसंच चंद्राचं सरासरी अंतर साधारण ३,८४,४०० किलोमीटर. मुलांना अशा संख्या लिहायला आवडतात.

रोमन बाजूला ठेवू नका, हे माझं ठाम मत. ३०५ रोमनमध्ये कसे लिहितात? सी सी सी व्ही. तीन शंभर, शेजारी एक पाच. मधे शून्य नाही, कारण त्या लिखाणात घरंच नाहीत, चिन्ह कुठेही असलं तरी सी म्हणजे शंभरच. म्हणजे तुमची लेक आपले अंक रोमन रीतीनं मांडतेय! तुकड्याशेजारी तुकडा. तिला दोन्ही शेजारी लिहून दाखवा. 'रोमन लोक असं ठेवत, आपण असं चढवतो.' तिला कळेल की आपली चूक अगदी शहाणी होती, फक्त दुसऱ्या गावची.

आणि ४९. वजाबाकीला रोमनमध्ये ठरलेल्या जोड्या आहेत. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी. एक्स फक्त एल आणि सीच्या आधी. सी फक्त डी आणि एमच्या आधी. व्ही, एल, डी कधीच वजा होत नाहीत आणि लागोपाठ दोनदाही येत नाहीत. म्हणून ४९ आधी सोडवायचे, ४० आणि ९. मग एक्स एल, आणि त्यापुढे आय एक्स. त्याच पट्ट्या इथेही कामाला येतात: ४० च्या पट्टीमागे 'एक्स एल' लिहा, ९ च्या मागे 'आय एक्स'.

हडसनकाठ

सर, फार छान समजावलंत. सांजवेळ, एक बारीक गोष्ट तपासा. आम्ही न्यू जर्सीत, मुलांना मराठी शाळेत घालतो, त्यामुळे हा घोळ रोजचा. तुमचं अ‍ॅप दर तीन अंकांनंतर स्वल्पविराम देत असेल. शाळेत १२,३४,५६७ आणि फोनवर तेच १,२३४,५६७. पोर पहिला १ बघून 'एक लाख' म्हणणार. तिकडे तो एक मिलियन, म्हणजे आपले दहा लाख. सेटिंगमध्ये भारतीय पद्धत मिळत नसेल तर अ‍ॅप काढूनच टाका सध्या.

सांजवेळ

अगदी तसंच आहे! आत्ता उघडून पाहिलं. काढलं अ‍ॅप.

सर, तुमचं वाचून मला रडूच आलं. 'चूक शहाणी होती' हे तिला जसंच्या तसं सांगणार आहे. आणखी एक विचारू? मी "सदुसष्ट" म्हटलं की ती कधीकधी ७६ लिहिते. वर्गात इंग्रजीत 'सिक्स्टी सेव्हन' म्हटल्यावर चुकत नाही.

खडू_फळा

साहजिक आहे. आपल्या नावात एकक आधी येतो, सदु म्हणजे सात आणि मग सष्ट म्हणजे साठ. इंग्रजीत दशक आधी. ती डावीकडून लिहायला लागते आणि कानावर आधी सात पडतो. काही दिवस "सदुसष्ट, साठ आणि सात" असं दोन्ही म्हणा, आणि तिला ६० ची पट्टी आधी उचलू द्या. मराठी नाव सोडू मात्र नका, तेही पक्कं हवं. आणि हो, एकोणसत्तर आलं की थांबा. सत्तराला एक कमी. आय एक्समध्येही तसंच, दहाला एक कमी. वजा करून नाव ठेवायची रीत आपल्याही तोंडात आहे, हे मुलांना फार आवडतं.

दर्यावर्दी

मुंबईला येणं झालं तर गेटवेवर घेऊन जा तिला. वरच्या शिलालेखात पाचव्या जॉर्जचा 'व्ही' आहे आणि ते राजाराणी उतरले ते साल रोमनमध्ये कोरलंय: एम सी एम एक्स आय. एम १०००, सी एम ९००, एक्स १०, आय १. म्हणजे १९११. माझ्या मुलानं तिथे उभं राहून सोडवलं, तेव्हापासून रोमन विसरला नाही. आणि घरी रोमन आकड्यांचं घड्याळ असेल तर आधी बघून ठेवा, पुष्कळ घड्याळांत चारच्या जागी चार आय असतात. आमच्याकडे त्यावरून वाद झाला होता. परीक्षेत आय व्हीच लिहायचं.

सांजवेळ

नऊ दिवसांनी लिहितेय.

५४ पट्ट्या झाल्या. माझ्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या, त्या वापरल्या. पहिल्या दिवशी ३०५००७ चा गठ्ठा रचून झाल्यावर ती काही बोललीच नाही. मग नखानं ७ ची पट्टी हळूच उचलली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आई, सातच्या खाली शून्य आहे." परत ठेवली. परत उचलली. असं चारपाच वेळा केलं. मग ५००० ची उचलून शून्यं मोजली. त्यानंतर मला हात लावू दिला नाही.

काल वहीत रेघा मारून बारा संख्या घेतल्या. दहा बरोबर. चाळीस हजार पंच्याहत्तर पहिल्याच फटक्यात. चुकलेल्या दोन्हींत दशहजाराच्या घराचाच घोळ होता, आणि त्यातली एक तिनं स्वतःच पट्ट्या रचून दुरुस्त केली.

आजोबांचा जन्म १९४९ चा. तिनं एम, सी एम, एक्स एल, आय एक्स असं खडूनं त्यांच्या खोलीच्या दारावर लिहून ठेवलंय. ते पुसू देत नाहीत.

आता ती म्हणते, कोटीच्या पट्ट्या कर. सर, तेवढ्या लांब पट्ट्या करू की थेट घरांवर येऊ?

खडू_फळा

थेट घरांवर या, आता तिला पट्ट्यांची गरज उरलेली नाही. २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या द्या, ११,२३,७४,३३३. मोठ्यानं वाचू द्या आणि त्यातल्या चारही तिनांची स्थानिक किंमत विचारा. नंतर गोव्याची, १४,५८,५४५. आणि ते अ‍ॅप काढलंय ते काढलेलंच राहू द्या.