मदत हवी: बिल १ लाख ६८ हजार, विमा कंपनीने दिले १ लाख ८ हजार. बाकीचे कसे मिळवायचे?

कडकभाकरी
नमस्कार. जरा घाईत आहे, लवकर सांगा. भावजींचा अपघात झाला, पायात प्लेट बसवली. बिल १ लाख ६८ हजार. ३ लाखांचा मेडिक्लेम आहे, हप्ता एकदाही चुकलेला नाही. कंपनीने १ लाख ८ हजार खात्यात टाकले आणि फाइल बंद. फोन केला की "सर, पॉलिसीच्या अटींनुसार" एवढं एकच वाक्य. एजंट फोन उचलत नाही. ताई पार वैतागली आहे. ६० हजार मिळतील की नाही? "आधी अटी वाचायच्या" असा उपदेश कृपया नको.

सात_रस्ता
अपघात म्हणजे कसला? जिन्यावरून पडले, गाडी घसरली, की कोणी उडवलं? पोलीस केस झाली का? कॅशलेस होतं की आधी भरून मग मागितले? कधीची गोष्ट आहे?

कडकभाकरी
गाडीवर होते. पैसे आम्ही भरले, मग क्लेम टाकला. गड्डा चालू होता तेव्हाची गोष्ट. पण अपघात कसा झाला याचा ६० हजारांशी काय संबंध?

टॉवेलवाला
मेडिक्लेमच्या नादी कशाला लागायचं? सोलापुरात होटगी रोडला कामगार विम्याचा दवाखाना आहे. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआय असतंच. कामावर जाता-येता झालेला अपघातसुद्धा कामावरचाच धरतात. आमच्या कारखान्यातल्या एका पोराला घरी बसल्या पगाराचे पैसे मिळाले.

कडकभाकरी
भावजींचं चाटी गल्लीत स्वतःचं दुकान आहे. ईएसआय कुठून येणार?

टॉवेलवाला
तरी एकदा चौकशी करून बघा की. विचारायला काय जातंय.

निवृत्त_विमेकरी
कडकभाकरी, पैसे जमा करताना कंपनी हिशेबाचं पत्र पाठवते. कशाचे किती मागितले, किती कापले, का कापले, हे त्यात ओळीने असतं. ईमेलमध्ये शोधा, नाहीतर टीपीएच्या (कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) वेबसाइटवर क्लेम नंबर टाकून काढा. त्याशिवाय बोलणं म्हणजे अंदाजपंचे. आणि खोली कुठली घेतली होती? जनरल, सेमी की स्पेशल? भाडं किती?

पार्क_चौक
पैसे भरलेच कशाला? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पांढरं रेशनकार्डसुद्धा चालतं. सिव्हिलला नेलं असतं तर एक रुपया लागला नसता. आमच्या मावशीचं खुब्याचं ऑपरेशन तिथंच झालं, ठणठणीत आहे.

निवृत्त_विमेकरी
योजना चांगली आहे, पण तिथे आधी मंजुरी घेऊन योजनेतल्या रुग्णालयात उपचार घ्यायचे असतात. स्वतः भरलेलं बिल नंतर नेऊन दिलं तर पैसे परत मिळत नाहीत. आता हे सांगून त्यांच्या ताईला काय उपयोग?

पार्क_चौक
पुढच्या माणसाला होईल की उपयोग. धागा काय एकट्यासाठी असतो का?

गुळवेल_काढा
प्लेट घातलीच कशाला, हा माझा प्रश्न. आमच्याकडे बांबूच्या कामट्या बांधून हाड जुळवणारे आहेत. तीन आठवड्यांत माणूस चालतो. ॲलोपथीवाले आधी घाबरवतात, मग कापतात.

सात_रस्ता
काका, हाड जुळलंय. पैसे जुळायचे राहिलेत.

कडकभाकरी
पत्र मिळालं, स्पॅममध्ये होतं. स्पेशल रूम, ४,५०० रुपये रोज, ४ दिवस. पत्रात "रूम रेंट कॅपिंग, प्रपोर्शनेट डिडक्शन" लिहिलंय. बिलाची फोड देतो: खोली १८ हजार, सर्जन, भूल आणि ओटी मिळून ६६ हजार, प्लेट आणि स्क्रू ३८ हजार, औषधं ३१ हजार, एक्स-रे आणि तपासण्या ९ हजार, हातमोजे वगैरे ६ हजार.

निवृत्त_विमेकरी
आता बोलता येईल. तुमच्या पॉलिसीत खोलीभाडं विम्याच्या १ टक्का, म्हणजे रोज ३ हजार असणार. तुम्ही घेतली ४,५०० ची. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की त्याच प्रमाणात बाकीचं बिलही कापतात, तीच ही प्रमाणात कपात. ३ भागिले ४.५ म्हणजे दोन तृतीयांश. कंपनीने हातमोजे वगैरेचे ६ हजार बाजूला काढले आणि उरलेल्या १ लाख ६२ हजारांना सरसकट दोन तृतीयांश लावलं. झाले १ लाख ८ हजार. बरोबर?

इथेच त्यांनी हात मारलाय. प्रमाणात कपात फक्त "संलग्न वैद्यकीय खर्चा"ला, म्हणजे सर्जन, भूल, ओटी असल्या आकाराला लावायची असते. २०२० च्या विमा नियामकाच्या नियमांनुसार औषधं आणि कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, तपासण्या या व्याख्येत धरायच्या नसतात. प्लेटची किंमत स्पेशल रूममध्ये वेगळी आणि जनरल वॉर्डात वेगळी थोडीच असते! पॉलिसीच्या पुस्तिकेत व्याख्यांच्या पानावर हे शोधा आणि त्या ओळीचा फोटो काढून ठेवा.

म्हणजे खोलीचे १२ हजार, सर्जन-ओटीचे ४४ हजार, आणि प्लेट, औषधं, तपासण्या पूर्ण ७८ हजार. एकूण १ लाख ३४ हजार. तुमचे २६ हजार सरळसरळ निघतात.

कडकभाकरी
आणि बाकीचे ३४?

निवृत्त_विमेकरी
खोलीच्या फरकाचे ६ हजार विसरा. हातमोजे वगैरेचे ६ हजारही विसरा, न देण्याच्या वस्तूंची ६८ नावांची यादी असते, त्यासाठी वेगळं जोडकवच घ्यावं लागतं. राहिले सर्जन-ओटीचे २२ हजार. त्यासाठी रुग्णालयाकडून लेटरहेडवर लिहून आणा की ऑपरेशनचा आकार खोलीनुसार बदलत नाही. जिथे खोलीप्रमाणे दर बदलत नाहीत तिथे ही कपात लावता येत नाही. पण खरंच बदलत नसेल तरच ते लिहून देतील.

कोर्टाची_पायरी
एवढी मिनतवारी कशाला? सरळ जिल्हा ग्राहक आयोगात टाका. एवढ्या रकमेला फी सुद्धा नाही. वर मानसिक त्रासाचे, खर्चाचे पैसे मिळतात. कंपन्या नोटिशीलाच घाबरतात.

निवृत्त_विमेकरी
घाबरत नाहीत. तारखा पडतात आणि लोकच कंटाळतात. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी मेल. सोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार, किंवा १५५२५५ ला फोन. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुण्याचे विमा लोकपाल. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. नकारापासून वर्षाच्या आत जायचं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही. पटला नाही तर आयोग आहेच. उलटं चालत नाही. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल घेत नाहीत.

कोर्टाची_पायरी
लोकपालांकडे मानसिक त्रासाचा एक रुपया मिळत नाही, हे पण सांगा की.

निवृत्त_विमेकरी
२६ हजारांसाठी दोन वर्षं चालवायचं असेल तर जरूर जा. मी अडवत नाही.

वीस_रुपयेवाला
बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे २ लाख मिळतील. पासबुक बघा!!

सात_रस्ता
ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला. प्लेट बसवली म्हणून मिळत नाहीत. गाडीच्या पॉलिसीतल्या मालक-चालकाच्या १५ लाखांचंही तसंच, दवाखान्याचं बिल त्यात येत नाही. कडकभाकरी, मी पुन्हा विचारतोय, अपघात कसा झाला? दुसरं वाहन होतं का?

कडकभाकरी
अक्कलकोट रोडला, वळसंगच्या अलीकडे. रात्री उसाची ट्रॉली रस्त्यावर उभी होती, एक्सेल तुटलेला. ना लाइट ना रिफ्लेक्टर. भावजी मागून जाऊन धडकले. दवाखान्याने पोलिसांना कळवलं होतं, हवालदार येऊन जबाब घेऊन गेले. ट्रॅक्टरवाल्याने औषधपाण्याला १० हजार दिले, मिटवून टाकू म्हणाला. भावजींनी एका कागदावर सही पण केली. म्हणून मी लिहिलं नव्हतं, ते मिटलंय.

सात_रस्ता
काय मिटलंय बे? १ लाख ६८ हजारांचं बिल, दुकान बंद, आणि १० हजारांत मिटलं?

पुणेकर_४२
गड्डा चालू होता म्हणजे कधी? कुठला खड्डा?

सात_रस्ता
सिद्धेश्वरांची यात्रा हो. संक्रांतीच्या वेळी असते. म्हणजे जानेवारीचा मध्य, आणि आज जून संपत आला. कोर्टाची_पायरी, ते सहा महिन्यांचं तुम्हीच सांगा.

कोर्टाची_पायरी
आता कसं माझ्याकडे आलात! हो, हे तातडीचं आहे. समोरच्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. मोटार वाहन कायदा, कलम १६६. १ एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाय, पण त्या भरवशावर बसू नका. दावा आपण राहतो तिथे टाकता येतो, म्हणजे सोलापुरातच होईल.

उद्याच्या उद्या ठाण्यात जाऊन बघा गुन्हा नोंदलाय का. एफआयआर, पंचनामा, भावजींचा जबाब यांच्या प्रती मागा. पंचनाम्यात "रिफ्लेक्टर नाही" हे आलंय का, ते महत्त्वाचं. उभ्या वाहनाला मागून धडक म्हटल्यावर कंपनीचा वकील पहिलं वाक्य बोलणार, चूक दुचाकीवाल्याची. थोडी चूक त्यांचीही ठरू शकते, मग तेवढ्या टक्क्याने रक्कम कमी होते. लायसन्स आहे ना भावजींकडे? आणि तो सही केलेला कागद वकिलाला दाखवल्याशिवाय आता ट्रॅक्टरवाल्याशी एक शब्द बोलू नका.

कडकभाकरी
लायसन्स आहे. पण मेडिक्लेमचे पैसे मिळालेत म्हटल्यावर कोर्ट तेवढे वजा करणार ना? मग फायदा काय?

कोर्टाची_पायरी
नाही करणार. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलंय की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही. हप्ता तुम्ही भरलाय, त्याचा लाभ ट्रॅक्टरच्या कंपनीला कशाला? शिवाय तिथे नुसतं बिल नाही, दुकान बंद राहिलं ते उत्पन्न, पुढचे उपचार, पाय कायमचा अधू राहिला तर त्याचेही पैसे मागता येतात. त्यासाठी सिव्हिलमधून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा, दुकानाची आयकर विवरणपत्रं काढून ठेवा.

निवृत्त_विमेकरी
एक भर. ट्रॅक्टरचा नंबर घेऊन एमपरिवहन ॲपवर विमा चालू होता का बघा. आणि ट्रॉलीचा विमा वेगळा काढलाय का, तेही. ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही, म्हणून कंपनी हात वर करते. अशी प्रकरणं आमच्या टेबलावर कायम यायची.

टॉवेलवाला
ट्रॉल्यांचं तर बोलूच नका. दोन-दोन जोडून, वर कर्णे लावून, डोंगराएवढा ऊस भरून चालतात. मागून येणाऱ्याला हॉर्न ऐकू जात नाही. हंगाम सुरू झाला की आरटीओ दोन दिवस रिफ्लेक्टर वाटतात, फोटो काढतात, झालं.

उसाचा_धनी
सगळे ट्रॉलीवालेच वाईट काय? रस्त्याला साइडपट्टी आहे का उभी करायला? एक्सेल तुटला तर खांद्यावर घेऊन जायची का ट्रॉली?

टॉवेलवाला
मागे फांदी तोडून टाकायची, दगड लावायचे, एक माणूस बॅटरी घेऊन उभा करायचा. एवढं तर जमतंय की.

नवी_सूनबाई
विषय निघालाच आहे तर, सासऱ्यांना ६८ वर्षं, शुगर आहे, कुठली पॉलिसी घ्यावी?

सात_रस्ता
ताई, वेगळा धागा काढा प्लीज.

कडकभाकरी
तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला, २६ हजारांचा हिशेब जसाच्या तसा. उद्या वळसंगला जातोय. दोन प्रश्न राहिले. मूळ बिलं, प्लेटच्या पाकिटावरचे स्टिकर, सगळं विमा कंपनीने ठेवून घेतलंय, मग कोर्टात काय देऊ? आणि फिजिओथेरपीची बिलं कंपनीला दिलीच नव्हती, ती चालतात का?

निवृत्त_विमेकरी
रुग्णालयाच्या बिलिंगमधून शिक्का मारलेली दुसरी प्रत आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत घ्या. मूळ कागद जमा असल्याचं कंपनीकडून लेखी मागा, वकील ते कंपनीकडून न्यायाधिकरणात मागवून घेईल. फिजिओथेरपी चालते, पण डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांपर्यंतचीच, बहुतेक पॉलिसीत ६० किंवा ९०. डॉक्टरांनी ती लिहून दिलेली चिठ्ठी जोडा. उशीर झालाय, त्याचं कारण लिहा. नुसत्या उशिरापायी खरा दावा फेटाळू नका, असं नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना कळवलंय. तेही पत्रात लिहा. कंपनीने कापलेली बिलं न्यायाधिकरणात मागता येतात, म्हणून फिजिओची प्रत्येक पावती झेरॉक्स करून मगच पाठवा.

कोर्टाची_पायरी
पावत्या थर्मल कागदावरच्या असतील तर आजच झेरॉक्स काढा, अक्षरं उडतात. आणि ठाण्यात जाताना भावजींना सोबत न्या, नातेवाइकाला प्रती देताना खळखळ करतात.