पांढरं झुरळ रात्रीत कडक कसं झालं? (मदत हवी आहे)

परवा रात्री पाणी प्यायला उठलो तर सिलिंडरमागे दुधासारखं पांढरं झुरळ! फक्त डोळे काळे. शेजारी रिकामी कात पडलेली. बायको म्हणाली मारा, पण लेकीने ते बरणीत घातलं. काडी टेकवली तर भिजलेल्या साबुदाण्यासारखं मऊ (उपासवाल्यांनो, माफ करा). सकाळी नेहमीचं तांबूस तपकिरी, पाठ टणक.

"हवेने सुकलं," असं सांगून मी मोकळा झालो. लेक म्हणाली, बरणीत तर ओला कापूस होता. झालं, निरुत्तर. कवच कायटिनचं असतं असं वाचलं, पण ते मऊ असतानाही कायटिन होतंच की! मग बदललं काय? आणि रंग चढणं नि कडक होणं एकच का? आठवीतल्या मुलीला पटेल असं सांगा. नुसतं "ऑक्सिडेशन" मीही फेकू शकतो.

प्रतिसाद १
लेकीचा मुद्दा बिनतोड आहे. कायटिनचे धागे आणि प्रथिनं आधीपासून असतात, पण प्रथिनं एकमेकांना बांधलेली नसतात. कीटक टायरोसिन या अमिनो आम्लापासून डोपामिन नावाचा रेणू बनवतो, त्याला एक छोटं शेपूट जोडतो आणि कवचात सोडतो. तिथे लॅकेज नावाचं विकर ऑक्सिजन वापरून त्याचं क्विनोन करतं. हे क्विनोन प्रथिनांना पकडून टाके घालतं. टाके पडले की आतलं पाणी आपोआप हटतं. बाभळीच्या सालीने चामडं कमावतात, तसलाच प्रकार. चिरलेलं वांगं काळं पडतं तेही क्विनोनमुळेच.

रंगाचं म्हणाल तर तो शेपटावर ठरतो. असिटिलचं शेपूट असेल तर कवच कडक होऊनही जवळजवळ बिनरंगी राहतं, बीटा-अ‍ॅलनिनचं असेल तर तपकिरी. २००५ साली पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्यात हे विकर बनवणारं लॅकेज-२ हे जनुक गप्प केलं, तर भुंगेरे फिके आणि मऊच राहिले नि मेले.

धागाकर्ता
वा! पण सुरू करा असं सांगतं कोण?

प्रतिसाद २
बर्सिकॉन हे संप्रेरक, मज्जासंस्थेतून येतं. १९६२ च्या सुमाराला कोषातून नुकत्याच निघालेल्या माशीच्या मानेला दोरा आवळून बघितलं होतं, म्हणजे डोक्याकडून धडाकडे काही जाऊ नये. धड फिकटच राहिलं. मग त्यात दुसऱ्या, कडक होत असलेल्या माशीचं रक्त टोचलं, तेव्हा ते काळवंडलं.

धागाकर्ता
लेकीने लगेच ओट्यावर वांगं चिरून ठेवलंय. आज भरली वांगी होती, बायकोला अजून कळलेलं नाही.