ब्लाऊज शिवताना मशीन टाके सोडतंय, दुरुस्त करत बसू की बदलून टाकू?

काठपदर, कराड

नमस्कार मंडळी. मी घरीच ब्लाऊज आणि ड्रेस शिवते, आधी गल्लीतल्याच बायका यायच्या पण आता लग्नसराईत ओळखीतून लांबलांबच्या पण यायला लागल्यात. माझ्याकडे घरगुती झिगझॅग मशीन आहे, पांढरं, लाईटवरचं. कंपनीचं नाव उगाच लिहीत नाही. आधी मस्त चालायचं, पिको, फॉल, काज सगळं त्याच्यावरच. पण आता वर्षभर झालं नुसती कुरकुर चालू आहे. साध्या कॉटनवर नीट चालतं, पण अस्तराचा ब्लाऊज आणि त्यात गळ्याला कॅनव्हास आणि वरून दोरीचं पायपिंग असं आलं की टाके सोडायला सुरवात, मध्येच खालून दोऱ्याचा गुंता होतो आणि कापड दातात अडकतं. मग उसवत बसा. पैठणीवर उसवलं की भोकं दिसतात हो, ती काय परत बुजत नाहीत, आणि साडी त्या बाईची, तिच्या लग्नातली.

इथल्या एका मिस्त्रींनी सांगितलं टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलचा मेळ गेलाय, दुसरे म्हणाले शटल (खालून दोरा पकडतं तो भाग) बदला, कंपनीच्या सेंटरला दिलं तर ते ठेवून घेतात आणि ऐन सीझनला मशीन माझ्याकडे नसतं. दर वेळी पैसे जातात आणि परत ये रे माझ्या मागल्या.

तर आता विचार चाललाय की नवीनच घ्यावं. पण कुठलं? परत असंच झिगझॅग, थोडं वरचं मॉडेल? की काळं टेलर मशीन मोटर लावून? तिसरं म्हणजे इथे एकांचं छोटं वर्कशॉप बंद होतंय, ते त्यांचं जुकी टाईप मोठं, कारखान्यात असतं तसं मशीन टेबलासकट १२ हजाराला देतायत. माझं बजेट जास्तीत जास्त २० हजार, जागा कमी आहे, आणि आमच्याकडे दुपारची लाईट अधूनमधून जाते. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

शटलवाला, इचलकरंजी

ताई, मशीन दुरुस्तीचं काम करतो म्हणून लिहितोय. विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघून घ्या, फुकटच्या आहेत.

तुम्ही लिहिलंय कॅनव्हासवर टाके सुटतात. चिकटवायच्या कॅनव्हासचा गोंद असतो ना, तो शिवताना सुईला लागतो. सुई पांढरट चिकट होते, वर येताना दोऱ्याचा जो लूप पडायला पाहिजे तो पडत नाही, मग शटलचं टोक लूप पकडणार कुठनं? टाका सुटला. त्यात जरीचा काठ असेल तर सुईचं टोक लवकर बोथट होतं. दर दोन-चार जड ब्लाऊजनंतर सुई बदला आणि मध्येमध्ये फडक्याने पुसा. रेशमावर ११ नंबर, अस्तर कॅनव्हास पायपिंग सगळं एकत्र असेल तिथे १४. आणि सुई पार वरपर्यंत गेली पाहिजे, थोडी जरी खाली राहिली तरी हाच त्रास.

खालचा गुंता बहुतेक वेळा खालच्या दोऱ्यामुळे नसतोच, वरच्यामुळे असतो. दोरा ओवताना दाबपाय वर पाहिजे. पाय खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा मध्ये बसतच नाही, नुसता वरनं जातो, आणि सगळा सैल दोरा खाली जाऊन साठतो. लोकं मग बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतात आणि जे चांगलं होतं ते पण बिघडवतात. दुसरं, बॉबिन तुमच्या मशीनचीच आहे का बघा. बाजारात मिळतात त्या सगळ्या सारख्या दिसतात पण जाडीत जरासा फरक असतो.

तेल कुठलं घालता? खोबरेल घालत असाल तर आजच बंद करा, थंडीत गोठतं आणि नंतर आत चिकट थर धरतो. मशीनचं पांढरं तेलच पाहिजे.

एवढं करून पण जाड सांध्यावरच टाका सुटत असेल तर मग मिस्त्री म्हणतात ते खरं, टायमिंग किंवा सुईचा दांडा खाली सरकलाय.

काठपदर, कराड

दादा खूप आभार, इतकं कुणी सांगितलंच नव्हतं. तेल मशीनचंच घालते. तुमचं वाचून नवीन सुई लावून, पाय वर करून परत ओवलं, तर गळ्याच्या कॅनव्हासवर आता बरंच नीट शिवतंय, गुंता पण नाही झाला. पण मुंढ्यात जिथे बाही, अस्तर आणि पायपिंग सगळं एकावर एक येतं तिथे अजून सोडतंय, आणि चाक हाताने फिरवलं की एका जागी कट्ट असा आवाज येतो.

शटलवाला, इचलकरंजी

कट्ट आवाज म्हणजे आतल्या गिअरचा दात गेला असणार. या घरगुती मशीनमध्ये बरेच गिअर नायलॉनचे असतात. जीन्सची पट्टी वगैरे जाड काही अडकलं आणि मोटर जोर करत राहिली की एखादा दात झिजतो नाहीतर गिअर सरकतो, मग कितीही वेळा टायमिंग लावा, परत जाणारच. म्हणून तुमचं दर वेळी तेच होतंय. गिअर मिळाला तर बदलून घ्या, पण ब्लाऊजच्या जाड सांध्यांसाठी हे मशीन आता धरू नका. पिको-फॉलला ठेवा.

काजबटण, नाशिक

मी पण ब्लाऊजच शिवते, रोजचं काम आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की धंदा म्हणून शिवायचं असेल तर घरगुती झिगझॅग परत घेऊच नका, वरचं मॉडेल असलं तरी. त्यातले तीसचाळीस डिझाईनचे टाके तुम्ही कधी वापरणारे? ब्लाऊजला लागतो सरळ टाका, तोही पायपिंगच्या अगदी कडेने, न चुकता. तो मोठ्या मशीनवर जसा येतो तसा छोट्यावर येत नाही. आठ पदर घाला, टेन्शनला हात न लावता शिवतं.

पण तोटे पण ऐका म्हणजे नंतर मला शिव्या नकोत 😄 एक तर टेबल साधारण चार फूट लांब दोन फूट रुंद, ते एकदा ठेवलं की ठेवलं, पाहुणे आले म्हणून उचलून माळ्यावर टाकता येत नाही. दुसरं म्हणजे फक्त सरळ शिलाई. पिको नाही, काज नाही, काही नाही, म्हणून तुमचं जुनं ठेवायला सांगतायत ते बरोबर आहे. तिसरं, सुया वेगळ्या, गोल दांड्याच्या, डीबी म्हणून मागायच्या, घरगुती चपट्या दांड्याच्या चालत नाहीत. आणि सुरवातीला स्पीडची भीती वाटते, पाय ठेवला की बाही पार शिवून पुढे.

सगळ्यात महत्त्वाचं, त्याला मोटर कुठली आहे ते विचारा. जुन्यांना क्लच मोटर असते. ती बटण दाबलं की तुम्ही शिवा नाहीतर चहा प्या, फिरतच राहते, घूंऽऽ असा आवाज दिवसभर, बिल वेगळं. सर्वो मोटर पायडल दाबलं तरच फिरते आणि स्पीड बांधून ठेवता येतो. क्लच असेल तर भाव पाडून मागा, सर्वो मोटर वेगळी घेऊन त्याच टेबलाला बसवता येते, मला नाशकात चार-पाच हजाराच्या आसपास सांगितली होती.

लाल माती, कुडाळ

सगळे मोठ्या मशीनच्या मागे लागलेत, पण ताईंनी लिहिलंय की दुपारची लाईट जाते. ते कोणी वाचलं की नाही? आमच्याकडे पावसात एक फांदी पडली की दिवसाची निश्चिंती. आईचं काळं पायाचं मशीन आहे म्हणून गणपतीच्या आधीच्या ऑर्डरी निघतात, नाहीतर कठीण होतं. काळ्या मशीनमध्ये सगळं लोखंड, बिघडलं तर तालुक्याच्या गावातला कोणी पण उघडतो, पार्ट कुठेही मिळतो, लुधियानाचा माल सगळीकडे भरलेला असतो. मागे छोटी मोटर लावायची, लाईट असली की मोटर, गेली की पट्टा चढवून पाय.

फक्त दुकानात नुसतं काळं मशीन द्या म्हणू नका, ते हलकं घरगुती गळ्यात मारतात. टेलर मॉडेल मागा, ते रोजच्या कामाला टिकतं. अंब्रेला म्हणून अजून जड येतं, शर्ट-पँटवाले टेलर वापरतात, ब्लाऊजला एवढं लागत नाही असं माझं मत. स्टँड लोखंडी बिडाचा घ्या, पत्र्याचा नको, पत्र्याचा थरथरतो आणि शिवण वाकडी येते.

काजबटण, नाशिक

@लाल माती मुद्दा बरोबर आहे तुमचा, पण पायाने दिवसाला किती ब्लाऊज निघणार? माझ्या सासूबाईंचे गुडघे त्याच्यातच गेले असं त्या स्वतः म्हणतात. आणि टेलर मॉडेल, स्टँड, मोटर धरून १० हजार कुठे गेले कळत नाही. लाईट नसेल त्या वेळात कटिंग करा, हूक लावा, हातशिलाई करा, ती कामं काय कमी असतात का.

निवांत नाना, बेळगाव

शिवणातलं मला काही कळत नाही, बायको शिवते, मी फक्त कपडे देऊन येतो. पण पैशांचं कळतं म्हणून सांगतो. पीएम विश्वकर्मा योजना बघितली का? १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसाय आहेत त्यात शिंपीकाम आहे. आधी काही दिवसांचं ट्रेनिंग, त्याचा दिवसाला ५०० रुपये भत्ता, आणि अवजारांसाठी १५,००० पर्यंत मिळतात. ते रोख हातात नाही येत, ई-व्हाउचर येतं. पुढे पाहिजे असेल तर १ लाखापर्यंत कर्ज, तुम्हाला ५ टक्क्याने पडतं, फेड १८ महिन्यांत.

अटी आहेत. एका घरातून एकालाच, घरात सरकारी नोकर असेल तर नाही, आणि अशाच दुसऱ्या योजनेचं कर्ज गेल्या ५ वर्षांत घेतलेलं नसावं. मुद्रा योजनेचं कर्ज घेऊन पूर्ण फेडलं असेल तर चालतं. अर्ज सीएससी केंद्रातून (कॉमन सर्व्हिस सेंटर) होतो, सध्या तुमच्याकडे नवीन अर्ज घेतात का ते तिथेच विचारा. वेळ लागतो मात्र, ही लग्नसराई त्याच्या भरवशावर काढू नका. बायको म्हणते व्हाउचर आलं तर ते इंटरलॉकच्या, म्हणजे कापडाच्या कडा बांधायच्या मशीनला वापरा, अस्तराच्या ब्लाऊजला आतून इंटरलॉक मारला की गिऱ्हाईक खूष.

शटलवाला, इचलकरंजी

वर्कशॉपवाल्यांचं मशीन बघायला जाणार असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका, तुमच्या नेहमीच्या कामाचे तुकडे घेऊन जा. अस्तर, कॅनव्हास, जरीचा काठ, पायपिंगची दोरी. ते लोकं एक कॉटनची चिंधी घालून फर्रकन शिवून दाखवतात, त्याच्यावर कुठलं पण मशीन चालतं.

आधी मशीन बंद ठेवून चाक हाताने फिरवा. सगळीकडे सारखं फिरलं पाहिजे, कुठे जड कुठे हलकं नको. सुईचा दांडा चिमटीत धरून हलवा, डावीउजवीकडे खुळखुळला तर बुश, म्हणजे दांडा ज्यात सरकतो त्या नळ्या झिजल्यात, सोडून द्या. मग मशीनचं डोकं मागे पाडा, खाली तेलाचा ट्रे असतो. तेल काळंकुट्ट डांबरासारखं असेल तर कधी बदललंच नाही हे समजा. चालू केल्यावर वरच्या छोट्या काचेत तेल उडताना दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर पंप तेल ओढत नाही, आणि तेलाशिवाय ते मशीन या स्पीडला टिकणार नाही. शटलच्या टोकावर नख फिरवा, कंगोरा लागला तर ते दोरा तोडणार, पण शटल बदलता येतं, तेवढे पैसे कमी करून घ्या. शेवटी तुमचे तुकडे दोन पदर, चार पदर, मग मुंढ्यासारखा जाड सांधा करून शिवा, हळू पण आणि जोरात पण. रिव्हर्स मारून बघा. खालची शिलाई पण उलटून बघा, वरून छान दिसते नेहमीच.

आणि हे सगळं ठीक निघालं तरी एक विचारा, कराडात ते मशीन घरी येऊन बघणारा कोण आहे. एवढं डोकं उचलून तुम्ही दुकानात नेणार नाही.

लाल माती, कुडाळ

हे शेवटचं वाक्य मी वर लिहिलं होतं ते वेगळ्या शब्दात 😄

काठपदर, कराड

बघून आले! नणंदेला घेऊन गेले होते आणि पैठणीच्या काठाचे उरलेले तुकडे पण नेले, ते काका हसायला लागले की एवढी परीक्षा पहिल्यांदाच बघतोय. चाक सारखं फिरतं, दांडा हलत नाही, काचेत तेल दिसलं. मुंढ्याचा सांधा करून शिवला, एक टाका सुटला नाही, मी तिथेच दोनदा उलटून बघितला. मोटर मात्र क्लचच आहे आणि आवाज खरंच फार आहे, घरात सासरे दुपारी झोपतात त्यामुळे सर्वो बसवावीच लागेल. ते सांगून ११ हजारापर्यंत खाली आणलंय, शटलचं थोडं खरखरीत लागलं म्हणून अजून ५०० सोडतील असं वाटतंय. सर्वो धरून पण माझ्या बजेटच्या आत बसतं. त्यांचेच मिस्त्री मलकापूरला राहतात, घरी येतात म्हणाले, नंबर घेतलाय.

पांढरं मशीन पिकोला ठेवते. काळ्याचं लाल माती ताईंचं पटलं, पण ते आता नाही, सासूबाईंच्या माहेरी एक पडून आहे असं कळलंय, ते मागून बघणार.

एक राहिलं. शिवणाच्या खोलीत साधाच पॉइंट आहे, फ्रीजला असतो तसा मोठा नाही. सर्वो मोटर त्याच्यावर चालेल का की वायरमन बोलवावा लागेल?

शटलवाला, इचलकरंजी

चालेल. सर्वो साधारण ५५० वॅटची असते, म्हणजे अडीच अँपियरपण घेत नाही, साध्या ५-६ अँपियरच्या पॉइंटवर आरामात. पण अर्थिंग आहे का ते टेस्टरवाल्याकडून एकदा बघून घ्या, मशीनचं डोकं लोखंडाचं आहे आणि तुमचा हात दिवसभर त्याच्यावर. एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. आणि बसवून झालं की स्पीड पहिले काही दिवस एकदम खाली बांधून ठेवा, चिंध्यांवर हात बसू दे, पैठणी लगेच घेऊ नका.